डावा पाय वर घे, काका

काकाने डाव्या पायाने ब्रेक दाबून धरला आणि उजव्या पायाने ॲक्सिलरेटर थेट तळाला नेला. गाडी जागची हलली नाही. चाकं ब्रेकमध्ये अडकलेली, नाक वर उचललेलं, बॉनेट थरथरत होतं. आरपीएमचा काटा चढत चढत पस्तीसशेवर जाऊन उभा राहिला.

"पस्तीसशे," काका खिडकीतून ओरडला. "बघितलास का अमर? पस्तीसशे."

अमरदादाने शिट्टी मारली. पप्पांनी फडक्याला हात पुसत मान हलवली. उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजमध्ये त्या रविवारी सकाळी तीन पुरुष खूश होते. मी लेथशेजारच्या स्टुलावर बसले होते, आणि इतकी संतापले होते की हातातला पेरू चावायचाच राहिला होता.

कारण गाडी काकाची नव्हती. पप्पांचीही नव्हती. आणि काकाचा दोस्त अमरदादा, त्याचा तर शिट्टीपुरताच संबंध. गाडी होती शोभाआत्याची, आणि शोभाआत्या तिथं नव्हती.

आत्या म्हणजे पप्पांची धाकटी आणि रणधीरकाकाची थोरली बहीण. आमच्याच घरात राहते. लहानपणी तिच्या डाव्या पायाला पोलिओ झाला. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर असतं, लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे बंद. क्लच दाबणं तिला शक्यच नाही. म्हणून आजोबांची जुनी मरून कॉन्टेसा तिच्या नावावर झाली, तेव्हा दोघा भावांनी मिळून तिच्यात जपानी सहा सिलिंडरचं इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. दोन पेडल, एक पाय. त्या गाडीने आत्या रोज पन्हाळ्याला जाते. तिथल्या एका निवासी शाळेत ती विज्ञान शिकवते.

जात होती, असं म्हणायला हवं. कारण दिवाळीच्या सुट्टीत काकाने "सर्व्हिसिंगला घेतो" म्हणून गाडी घेतली आणि सर्व्हिसिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, बदलून रेसचा टाकला. बेळगावच्या वाटेवर कुठल्याशा खासगी धावपट्टीवर जानेवारीत रेस होती. त्यात ऑटोमॅटिक गाड्यांचा वेगळा गट, आणि काकाला त्यात उतरायचं होतं. शाळा सुरू झाली तरी गाडी रॅम्पवरच. आत्या तीन आठवडे एसटीने जात होती. एसटीची पहिली पायरी किती उंच असते ते ज्याचे दोन्ही पाय धड आहेत त्याला कळत नाही. काठी आधी वर, मग उजवा पाय, मग दांडीला धरून बाकीचं सगळं वर ओढायचं. मागून लोक म्हणतात, "बाई, चला की लवकर."

तेव्हा मी नववीत होते. आज बारावीत आहे, तरी ती पायरी आठवली की माझ्या कानशिलात धग येते.

आता कन्व्हर्टर. ऑटोमॅटिक गाडीत क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, भोपळ्याएवढा, सगळीकडून बंद, आत तेल. तो कसा चालतो ते आत्यानेच मला सातवीत दाखवलं होतं. टेबलावर दोन पंखे समोरासमोर. एक चालू करायचा. दुसरा नुसत्या त्याच्या वाऱ्याने फिरायला लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घाल, झाला कन्व्हर्टर. एक पंखा इंजिनाचा, दुसरा चाकांचा. "आता दुसरा पंखा हाताने धर," ती म्हणाली होती. "तो धरलेला असताना पहिला जास्तीत जास्त किती फिरेल? तो आकडा म्हणजे स्टॉल स्पीड." आकडा लहान, तर इंजिन आणि चाकं एकमेकांना घट्ट बांधलेली. आकडा मोठा, तर सैल.

काकाचा नवा कॅम तीन हजार आरपीएमच्या खाली झोपलेला असायचा, इंजिनाला जोरच नसायचा. रेसला गाडी सुटतानाच इंजिन जागं हवं, म्हणून त्याला आकडा मोठा हवा होता. आमच्याकडे हे काम पप्पा करतात. कन्व्हर्टर लेथवर मधोमध कापायचा, आतली पाती हव्या त्या कोनात वाकवायची, परत वेल्डिंग मारून बंद करायचा. पप्पांच्या हातून निघालेला कन्व्हर्टर थेंबभर गळत नाही. एकोणीसशेचा होता, त्याचा त्यांनी पस्तीसशेचा केला.

"काका," मी म्हणाले, "रेस झाली की हा काढणार ना?"

"कशाला काढायचा? एवढा भारी झालाय."

"मग आत्या घाट कशी चढणार? जीपच्या मागे वीसच्या स्पीडने चढताना हा नुसता घसरत राहील. तेल उकळेल आतलं."

अमरदादा काकाकडे बघून हसला. "आयला धीऱ्या, तुझी पुतणी गिअरबॉक्स उघडायला लागली की रं."

"केतके," काका गाडीतून उतरत म्हणाला, "सहामाही झाली न्हवं तुमची? गणितात किती पडले?"

"एकट्या गणितात पडले तेवढे तुला दहावीत सगळ्या विषयांत मिळून नव्हते."

अमरदादा एवढा हसला की त्याला टायरवर बसावं लागलं. वर्षभरापूर्वी मी असं बोलले नसते. आठवीपर्यंत घरात पाहुणे आले की मी माडीवर पळायचे. नववीत काय झालं कुणास ठाऊक, एका वादविवाद स्पर्धेत बाई म्हणाल्या "उभी राहा", मी उभी राहिले, आणि तेव्हापासून खाली बसायचं जमतच नव्हतं. मला माझा आवाज सापडला होता आणि तो मी दिसेल तिथं वापरून बघत होते.

"पप्पा, तुम्ही सांगा ना," मी म्हणाले. "पाती तुम्ही वाकवलीत."

"गिऱ्हाईक सांगतं तसं करायचं असतं, बाळा."

"गिऱ्हाईक कोण?"

पप्पा फडकं शोधायला लागले. फडकं त्यांच्या खांद्यावर होतं.

"आत्याला विचारलं का कुणी?"

"अक्काला काय विचारायचंय त्यात?" काका म्हणाला. "तिला गाडी चालल्याशी मतलब. कन्व्हर्टर एकोणीसशेचा हाय का पस्तीसशेचा, तिला काय करायचंय?"

मी पेरू लेथवर ठेवला. "मतलब? तिची गाडी आहे. तिच्या नावावर आहे. तुला तुझ्या बुलेटचा हॉर्न कुणी बदलला तर तू आठवडाभर जेवत नाहीस."

"केतकी," पप्पा म्हणाले. एवढंच. आमच्या घरात तेवढं पुरतं. त्या दिवशी पुरलं नाही.

"जुना कन्व्हर्टर घाला," मी म्हणाले. "कॅम पण जुना घाला. आजच्या आज."

"आणि रेस?"

"रेस गेली खड्ड्यात."

काकाने बॉनेटवर थाप मारली. मग हसला. काकाची ही खोड आहे, भांडण अंगाशी यायला लागलं की तो माणसाला गाडीत बसवतो. "चल, बस. अक्काच्या शाळेत आज विज्ञान प्रदर्शन हाय न्हवं? दुपारी सुटंल. तिला आणायलाच जाऊ. घाट चढूनच दाखवतो तुला. वर पोचेपर्यंत तेल उकळलं तर तू म्हणशील ते."

"मी म्हणेन ते?"

"तू म्हणशील ते. दादा, तूबी चल."

अमरदादाला त्याचं स्पेअरपार्टचं दुकान उघडायचं होतं म्हणून तो गेला. जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारली. मी ती पुसून टाकली.

मी पुढे बसले. पप्पा मागे, डोळे मिटून, कारण ते गाडी डोळ्यांनी नाही, कानांनी बघतात. त्यांच्या शेजारी काकाचं नवं लाल हेल्मेट होतं. रेसला अजून दीड महिना होता, पण हेल्मेट काकाबरोबर सगळीकडे यायचं. किराणा आणायलासुद्धा.

पंचगंगेचा पूल ओलांडला आणि काकाने पाय दिला. आवाज मोठा, गाडी मात्र जरा उशिराने निघाली, जशी वर्गात नाव घेतल्यावर शेवटच्या बाकावरची मुलगी उठते. आधी इंजिन बोंबलायचं, मग चाकांना कळायचं. केर्लीपर्यंत काका गाणं म्हणत होता. वाघबीळला घाट सुरू झाला आणि गाणं थांबलं, कारण रविवार होता आणि पुढे पन्हाळा बघायला निघालेल्या गाड्यांची रांग वळणापर्यंत होती.

रांग चालायची, थांबायची. परत चालायची, परत थांबायची. काकाने तेलासाठी एक वेगळा मीटर लावला होता, त्याचा काटा हळूहळू वर सरकत होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. काका म्हणाला, "चढ हाय, चढणारच की काटा." मग माझं लक्ष खाली गेलं.

काकाचे दोन्ही पाय कामात होते. गाडी थांबली की डावा ब्रेकवर. पुढची गाडी हलली की डावा तसाच ठेवून उजव्याने इंजिन चढवायचं, मग डावा हळूच सोडायचा. गाडी निघायची. परत थांबलं की परत तेच. डावा धरायचा, उजवा चढवायचा. मी त्याचे ते दोन बूट बघत राहिले. सकाळची टेस्टही अशीच झाली होती. आमच्या गॅरेजमध्ये प्रत्येक कन्व्हर्टरची टेस्ट अशीच होते, डाव्याने धरून, उजव्याने चढवून. पप्पांनाही त्यात कधी काही वेगळं वाटलं नाही.

आता मला खरा राग आला. सकाळचा राग त्याच्यापुढे काहीच नव्हता.

"काका," मी म्हणाले, "डावा पाय वर घे."

"काय?"

"डावा पाय वर घे. सीटवर दुमडून बस."

"कशाला?"

"आत्या डाव्या पायाने ब्रेक धरू शकते का?"

मागे पप्पांनी डोळे उघडले. मला आरशात दिसले.

"सकाळपासून तू तिच्या गाडीची टेस्ट दोन पायांनी करतोयस," मी म्हणाले. "एका पायाने चालवून दाखव."

"अगं, घाटात काय खेळ लावलाय?"

"जमत नसेल तर तसं सांग."

हे वाक्य काकाला आमच्या घरात आजीशिवाय कुणी म्हणायचं नाही. त्याने ब्रेकवर उजवा पाय ठेवला, डावा बूट उपसला, आणि पाय मांडी घातल्यासारखा बुडाखाली घेतला. "मला जमत न्हाई? डोळे झाकून वर नेतो."

"झाकू नकोस. नुसता पाय."

पुढची मारुती हलली. काकाने उजवा पाय ब्रेकवरून उचलला. ॲक्सिलरेटरवर न्यायला कितीसा वेळ लागतो? जुन्या कन्व्हर्टरला तेवढा वेळ पुरायचा. ब्रेक सोडला की तो आपणहून गाडीला किंचित पुढे ओढायचा, चढावर निदान जागेवर धरायचा. आत्या त्याच भरवशावर एवढी वर्षं हा घाट चढली. हा मात्र सैल. इंजिन हळू चालत असताना त्याला चाकांची काही ओळखच नव्हती.

गाडी मागे निघाली.

काकाने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन बोंबललं, गाडी मागेच. त्याने हँडब्रेक ओढला. तो कॉन्टेसाचा जुना, नावालाच होता, खर्र वाजला. मग सवयीने डाव्या पायाने ब्रेक मारायला गेला आणि पाय बुडाखाली.

"ब्रेक," पप्पा म्हणाले.

खाड.

मागे पांढरी जीप होती. प्रवासी जीप, टपावर बोचकी. ड्रायव्हर गळ्यातला टॉवेल सावरत निवांत उतरला, आमच्या मागच्या दिव्याच्या काचा त्याने चपलेने बाजूला केल्या, आपला बंपर बघितला. त्याच्या बंपरला काही झालं नव्हतं. मग काकाच्या खिडकीशी आला.

"मालक, पन्हाळा वर हाय."

"माहीत आहे," काका म्हणाला.

"न्हाई, तुम्ही खाली निघाला हुता म्हणून सांगितलं." मग त्याने बॉनेटकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "थांबा. ही बाईंची गाडी न्हवं? शाळेच्या बाई?"

"माझी बहीण ती."

"मग बाई कुठायत?"

"वर. शाळेत."

"तरीच." त्याचा चेहरा उजळला. "बाई असत्या तर गाडी मागं आली नसती. रोज बघतो की आम्ही. वाघबीळपास्नं वर त्या कुणाला पुढं जाऊ देत्यात व्हय? शाळा लागून तीन आठवडं झालं, दिसल्या न्हाईत, मी म्हटलं बदली झाली का काय." तो काकाच्या दुमडलेल्या पायाकडे बघत राहिला. "गाडी चालवताना मांडी घालून बसू नये मालक. जेवताना ठीक हाय."

जीपमधून कुणीतरी हसलं. काकाने पाय खाली घेतला, आणि बाकीचा घाट दोन्ही पायांनी चढला. मी तेलाच्या मीटरकडे बोट करून ठेवलं. बोलायची गरज नव्हती. शेवटच्या वळणावर तेलाचा काटा लाल पट्ट्यात गेला आणि गाडीत जळकट वास भरला. बॉनेट उघडून आम्ही कठड्याशी उभे राहिलो. तोफा, तटबंदी बघायला निघालेले सगळे जण जाता जाता आधी आम्हाला बघून घेत होते.

शाळेच्या फाटकाशी आत्या दगडी कट्ट्यावर बसली होती, मांडीवर पर्स, शेजारी काठी. गाडी दिसली तशी ती उठली. काका उतरला आणि दोन पावलं लंगडत गेला.

"तुला काय झालं रे?" आत्याने विचारलं.

"मुंग्या आल्यात पायाला."

"कुठल्या?"

"डाव्या."

आत्याने त्याच्या डाव्या पायाकडे बघितलं. मग काठी टेकत गाडीभोवती फिरली, मागच्या फुटलेल्या दिव्याशी थांबली.

"कुणी सांगणार आहे का मला?"

मी सांगितलं. पप्पा आणि काका फाटकावरची पाटी वाचत उभे होते आणि मी सगळं सांगितलं. कॅम, पस्तीसशे, अमरदादाची शिट्टी, "अक्काला काय विचारायचंय", दोन बूट, जीप. मला वाटतं मी ओरडतच होते. प्रदर्शनाची खोकी घेऊन जाणारी दोन मुलं थांबून ऐकायला लागली. वादविवाद स्पर्धेत मी बोलले होते त्याच्या दुप्पट चांगलं बोलले. आणि शेवट केला तो असा: "म्हणून जुनाच कन्व्हर्टर घालायचा. कॅम पण जुना. रेसबिस काही नको. काकाने शब्द दिलाय, मी म्हणेन तेच. आत्याला असली गाडी झेपणार नाही."

मी श्वास घेतला. आत्या शाबासकी देईल असं मला वाटत होतं.

"काय झेपणार नाही?" आत्या म्हणाली.

"हेच. असली रेसची गाडी."

"हे मी तुला कधी सांगितलं?"

मी तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही. नववीत आल्यापासून पहिल्यांदाच.

"सांग ना. कधी सांगितलं?" आत्या आवाज चढवत नाही. वर्गातही नाही, म्हणून मुलं तिला जास्त घाबरतात. "हा पस्तीसशे धरून बसलाय. तू एकोणीसशे धरून बसलीस. दादा मधे फडकं शोधत असेल." पप्पांचा हात खांद्याकडे जाता जाता थांबला. "आपण रोज एका घरात जेवतो. कॅम बदलल्याचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू आला, मला नसेल आला? तीन आठवडे मी एसटीने येतेय ते गाडी मागायला तोंड नव्हतं म्हणून नाही. मी बघत होते, घरात कोण एकजण मला विचारतंय. वहिनीने निदान डबा काय देऊ ते विचारलं."

"अक्का, मी तुला सरप्राइज—" काका म्हणाला.

"गप्प बस."

मला रडू आलं नाही. मला राग आला, काकाचा, पप्पांचा, आणि खरं सांगते, आत्याचाही. मी तिच्यासाठी भांडले होते. आणि ती मलाही त्याच रांगेत उभं करत होती.

आत्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. काठी माझ्या हातात दिली, सीटवर बसली, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. कॅलिपरचा गुडघ्याचा खटका उघडल्याचा आवाज आला. मग तिने गाडी सुरू केली आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवून नुसती ऐकत बसली. नव्या कॅमने इंजिन डुलत डुलत चालत होतं, धडधड करत, मधेच एखादा ठोका गाळल्यासारखं.

"कॅम राहू दे," ती म्हणाली. "आवाज आवडला मला."

काकाने झटकन मान वर केली.

"पण पस्तीसशे नाही. एकोणीसशेही नाही. दादा, घाट चढताना माझा काटा कुठे असतो?"

"असंल की पंचवीसशेच्या आसपास," पप्पा म्हणाले.

"आसपास नाही, पंचवीसशेच. वाघबीळपासून वरपर्यंत. मग पकड त्याच्याच आगेमागे आली पाहिजे. सव्वीसशेचा कर. तेलाला पुढच्या जाळीमागे वेगळा कूलर बसव. आणि हा हँडब्रेक काढून टाक, हा शोभेचा आहे. रॅलीच्या गाड्यांना असतो तसला तेलावर चालणारा लिव्हर दे. मागची दोन्ही चाकं गच्च धरली पाहिजेत. इथं, माझ्या डाव्या हाताशी."

"हातानं ब्रेक?" काका म्हणाला. "कशाला?"

पप्पांना आधी कळलं. ते खिडकीशी वाकले, आत्याच्या डाव्या हाताकडे बघितलं, मग उजव्या पायाकडे. "हातानं धरायचं, पायानं चढवायचं," ते म्हणाले. "मग हात सोडायचा."

"हो. घाटात पण. आणि तिथं पण."

"तिथं कुठं?" काकाने विचारलं.

"धावपट्टीवर."

ती दोन मुलं खोकी खाली ठेवून नीट ऐकायला लागली होती.

"अक्का, रेसला मी उतरणार हाय," काका सावकाश म्हणाला. "नाव दिलंय माझं."

"गाडी कुणाची?"

"तुझी."

"मग नाव बदल."

"अगं, पण सव्वीसशेवर तो कॅम झोपलेला असतो. सुटताना गाडी बसणार. सगळे पुढं निघून जातील. हरशील."

"हरेन की," आत्या म्हणाली. "पण मी हरेन, रणू. तू नाही."

काकाने पप्पांकडे बघितलं. पप्पा मनातल्या मनात पाती वाकवत होते; त्यांची बोटं हलत होती. मग काकाने माझ्याकडे बघितलं. सकाळपासून मी त्याला इतकं बोलले होते, पण त्या वेळी मी नुसतं आत्याकडे बोट दाखवलं.

"केतकी, ते मागे लाल काय आहे?" आत्याने विचारलं.

मी हेल्मेट काढून दिलं. तिने वेणी मानेवरून वर घेतली आणि हेल्मेट डोक्यावर चढवलं. ते डोळ्यांपर्यंत खाली आलं. तिने दोन्ही हातांनी धरून डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. डोकं फिरायचं, हेल्मेट जागेवर राहायचं.

"रणू, याच्यात फोम लावून आण. मोठं होतंय मला."

"आणतो," काका म्हणाला.

"बसा आता. उताराला सैल काय आणि घट्ट काय."

मी पुढचं दार उघडलं.

"तू इथंच बस माझ्याशेजारी," आत्या हेल्मेटच्या आतून म्हणाली. "आणि तोंड पाडू नकोस. भांडलीस ते बरं केलंस. फक्त मी मेल्यासारखी भांडू नकोस."

काका आणि पप्पा मागे बसले. काकाने गुडघे जवळ घेतले होते, शाळेच्या रिक्षात बसल्यासारखे. फाटकातून निघून आम्ही घाटाला लागलो तरी आत्याने हेल्मेट काढलं नव्हतं. एका हाताने ती ते कपाळावरून मागे सारत होती आणि दुसऱ्या हाताने वळणं घेत होती, ब्रेकला पाय क्वचितच लावत.

दुसऱ्या वळणाखाली ती पांढरी जीप दिसली, सवारी घेऊन परत निघालेली. आत्याने हॉर्न वाजवला नाही, दिवा दाखवला नाही. नुसती तिच्या मागे जाऊन तिच्या आरशात उभी राहिली. ड्रायव्हरने आरशात बघितलं. लाल हेल्मेट बघून तो क्षणभर गोंधळला असावा, कारण त्याने मान बाहेर काढून मागे बघितलं. मग गाडी ओळखली, आणि जीप डोंगराच्या बाजूला दाबून त्याने वाट दिली.